ढाकणे काकांचं पथ्यपाणी

ढाकणे काका डॉक्टर नव्हते. हे ते स्वतःच इतक्यांदा सांगत, की ऐकणाऱ्याला तो त्यांचा विनय वाटे. "मी डॉक्टर न्हाई बाबा, पर्यवेक्षक हाय. डॉक्टर त्या मॅडम," असं म्हणून ते माझ्याकडे हात करत. म्हैस घेऊन आलेला माणूस माझ्याकडे एकदा बघे आणि परत त्यांच्याशीच बोलायला लागे. मी पंचवीस वर्षांची होते. केजच्या जनावरांच्या दवाखान्यातली ती माझी पहिली नेमणूक. कागदावर ते माझ्या हाताखाली होते. प्रत्यक्षात मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली.

मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि ते आधीच थकलेले होते. आजूबाजूच्या दोन दवाखान्यांमधली पदं रिकामी असल्यामुळे तिथलाही भार त्यांच्यावरच होता. लसीकरण, जनावरांच्या कानात बिल्ले मारणं, त्याची फोनवर नोंद, मग रेंज नसल्यामुळे तीच नोंद पुन्हा. जुन्या मोटारसायकलवर वर्षानुवर्षं फिरून गुडघे गेले होते. गाडीवरून उतरताना ते आधी एक पाय टेकवत, मग थोडं थांबत, आणि मग उतरत. त्या थांबण्यात त्यांचा सगळा दिवस दिसे.

जनावर कितीही अवघड अवस्थेत येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "खातंय काय, ते सांगा."

लोक वैतागत. "ओ, ते खातच न्हाई म्हणून तर आणलंय!"

"आता खात न्हाई. त्याच्या आधी काय खात हुतं? कोण घालतं? कवा घालतं?"

एकदा एका माणसानं फुगलेली म्हैस आणली. आधी दोघा जणांची इंजेक्शनं देऊन झाली होती. मी पुस्तकात शिकवल्याप्रमाणे तपासायला लागले. काका म्हशीकडे न जाता तिच्या मालकाबरोबर आलेल्या म्हातारीजवळ जाऊन उकिडवे बसले. म्हातारीला त्यांनी घरातली माणसं विचारली, पाऊसपाणी विचारलं, मग म्हणाले, "लगीन झालं का घरात?" झालं होतं. पुतणीचं. उरलेला भात, पुऱ्या आणि पाटीभर बुंदी वाया कशाला घालवायची म्हणून म्हातारीनं म्हशीपुढं ओतली होती. हे तिनं मालकालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"म्हशीला लगीन जेवू घातलं व्हय आज्जी," एवढंच काका म्हणाले आणि खायचा सोडा आणायला उठले. उठताना खुर्चीचा आधार घेतला. म्हैस वाचली. त्यात माझा वाटा सलाइन लावण्यापुरता होता.

त्यांचा जन्म ऊसतोडीच्या पालावरचा. आई-वडील दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जात. काकांची शाळा एका आज्जीच्या जिवावर झाली. या गोष्टी त्यांनी कधी गोष्टीसारख्या सांगितल्या नाहीत. बैलाच्या खुराला मलम लावताना मध्येच म्हणत, "आमच्या बैलांला सहा महिने नुसतं वाढं," आणि दुसऱ्या खुराकडं वळत. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पानं. तोडीवर ती फुकट मिळतात, म्हणून जनावरांना तीच घालतात. नुसती वाढी खाऊन जनावराच्या अंगातलं कॅल्शियम उतरतं, गाय मागच्या पायात लुळी पडते. काका कॅल्शियमला चुनाच म्हणत. "हिचा चुना कमी पडलाय. वाढ्यावर चुन्याची निवळी मारत जा," असं ते रोज कुणाला तरी सांगत. रोज सांगत आणि लोक ऐकत नसत. मग ती गाय बसली की तेच लोक फोन करत आणि काका गाडीला लाथ मारून निघत. एकदा मी म्हटलं, "काका, ऐकत नाहीत तर सांगता कशाला?" ते म्हणाले, "मॅडम, गाय तर सांगायली न्हाई ना सोताहून. कुणाला तरी सांगावंच लागतंय."

त्या वर्षी उन्हाळा लागताना दवाखान्यासमोर एक पांढरी गाडी थांबली. नांदूरघाटच्या पलीकडे एका गावात मोठी बागायत असलेलं, राजकारणात वजन असलेलं एक घर आहे. घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणतात. गाडीतून आबांचा मुलगा उतरला. नजर चुकवत म्हणाला, "घरी एक जनावर आजारी हाय. जरा बघून जाता का?"

"कोणतं?" मी विचारलं.

"शुगर ग्लायडर म्हणतेत."

काकांनी मान वर केली. "शुगर झालीय व्हय? किती हाय?"

गाडीत बसल्यावर हळूहळू उलगडा झाला. त्याची मुलगी सई पुण्याला नोकरीला होती. लग्न झालं, वर्षाच्या आत मोडलं. चार महिन्यांपूर्वी ती घरी परत आली ती एका पिंजऱ्यासकट. पिंजऱ्यात परदेशी जातीचे दोन जीव, मुठीत मावतील एवढे. घरातले त्यांना उंदीर म्हणत. सई माडीवरच्या खोलीत त्यांच्याबरोबर राही. खाली येत नसे आणि उंबऱ्याबाहेर तर नाहीच. कोण काय विचारील याची घरालाही धास्ती होती, त्यामुळे तिला कुणी फारसं आग्रहानं बाहेर काढलंही नव्हतं.

त्या दोघांना मी पहिल्यांदाच पाहिलं. राखाडी मऊ अंग, पाठीवर काळी रेघ, आणि चेहऱ्याच्या मानानं फारच मोठे काळे डोळे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची पातळ झालर, जिच्या जोरावर ते रानात झाडावरून झाडावर तरंगत जातात. दिवसा झोपणारे प्राणी. नर कापडी पिशवीत झोपला होता. मादी, तिचं नाव चिंगी, पिंजऱ्याच्या तळाशी होती. पुढच्या पायांनी सरकत होती आणि मागचे दोन्ही पाय ओल्या चिंधीसारखे मागून येत होते.

सई दाराला टेकून उभी होती. रोड झालेली, केस न विंचरलेली. "पडली नाही कुठून," ती म्हणाली. "मी बघत असते. आपोआपच झालं."

कॉलेजात हा प्राणी आम्हाला कुणी शिकवला नव्हता. काका पिंजऱ्यापुढं मांडी घालून बसले, गुडघे कडकड वाजले, आणि म्हणाले, "खातंय काय, ते सांगा."

द्राक्षं, केळी, सफरचंद. मधात भिजवलेला पाव. रात्री बिस्किटं. घरात राहणाऱ्या सईच्या आत्याबाई लाडानं पेढ्याचा तुकडा देत.

"आणि?"

"आणि काही नाही. त्यांना गोडच आवडतं."

"नावात साखर हाय म्हणून गोडच घालायलात व्हय," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी चिंगीला ओंजळीत घेतलं, अंगठ्यानं मागचे पाय हळूच दाबले आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ही वाढ्यावरली गाय हाय."

मी तिथूनच पुण्यात घरगुती प्राण्यांचा दवाखाना चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं अर्ध्या मिनिटात तेच सांगितलं. नुसत्या फळांवर ठेवलं की कॅल्शियम उतरतं, हाडं पोकळ होतात, मागचे पाय जातात. कॅल्शियमचे थेंब दे, पिंजरा बुटका कर म्हणजे चढून पडणार नाही, आणि मुख्य म्हणजे आहार बदल. निम्मं तरी प्रथिन हवं, म्हणजे किडे नाहीतर उकडलेलं अंडं. उरलेल्यात पालेभाजी, थोडी फळभाजी, आणि फळ अगदी नखभर. मध, बिस्कीट, चॉकलेट बंद. कांदा-लसूण नको.

"पालक घालू?" सईनं विचारलं.

मी फोनवर विचारायच्या आत काका म्हणाले, "पालक नको. त्यो वाढ्याचा भाऊ, चुना धरून ठेवतोय. शेवग्याचा पाला घाला, पपई घाला." मैत्रीण पलीकडून ऐकत होती. म्हणाली, "कोण आहे गं हे?" त्यातच ती म्हणाली, की रानात हे प्राणी बाभळीच्या जातीच्या झाडांचा चीक आणि डिंक खातात. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बांधावर ओळीनं बाभळी उभ्या होत्या. त्या सगळ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं.

निघताना त्यांचं लक्ष दारामागच्या स्टुलाकडे गेलं. झाकलेलं ताट होतं. सकाळचं असावं. त्यांनी झाकण उचललं, पाहिलं, परत ठेवलं. "आन तुमी काय खाता, ताई?"

सई पिंजऱ्याची कडी लावायला वळली.

खाली ओसरीवर आबा बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, आवाज मऊ. किड्यांचं आणि अंड्याचं ऐकल्यावर त्यांनी हात जोडले. "डॉक्टर, माझ्या घरात अंडं येणार न्हाई. तीन पिढ्यांची माळ हाय. एका उंदरापायी मी ती तोडू का?"

मी वाद घालायच्या तयारीत होते. काका म्हणाले, "तुमचं बराबर हाय आबा. तुमच्या घरात नगंच. मग तिला माझ्या घरी पाठवा. आमच्याकडं अंडं चालतंय."

"तुमीच घेऊन येत जा की उकडून, बाहेरच्या बाहेर," सईचे वडील म्हणाले. "गाडी पाठवतो."

"मला जमणार न्हाई. दिवसभर फिरून पाय राहत न्हाईत माझे. तिन्हीसांजेला ही जनावरं जागी होतेत, तवा आणा. ताईंच्या हातानंच खातंय ते, म्हणजे ताईंनाच यावं लागंल."

मग सईचे वडील हळू आवाजात म्हणाले, "ती कुठं जात न्हाई, काका. आन गेली तर लोक..."

"लोकाला सांगा, जनावर दवाखान्यात न्यायलोय. खोटं थोडंच हाय?"

आबांनी बराच वेळ माळेचा एकच मणी चोळला. शेवटी म्हणाले, "जाऊ द्या तिला."

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काका, हे मुद्दाम केलंत ना?" ते डोळे मिटून बसले होते. "कशाचं मुद्दाम, मॅडम. खरंच पाय राहत न्हाईत." मला अजूनही ठरवता येत नाही. पुढं एकदा ते स्वतः सकाळी नाकतोडे पकडायला चार किलोमीटर गेल्याचं मला कळलं. कारण जवळच्या सगळ्या रानांत फवारणी झाली होती आणि औषध पडलेल्या रानातला किडा चिंगीला घालायचा नाही, हे त्यांनी सईला बजावलं होतं.

दवाखान्याच्या रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी असे रकाने आहेत. काकांनी चिंगीची नोंद "इतर"मध्ये केली आणि शेऱ्यात लिहिलं, "पथ्यावर."

दुसऱ्या दिवसापासून सई येऊ लागली. पहिले काही दिवस वडील गाडीतून आणत. मग ती स्वतःच स्कूटी घेऊन यायला लागली, पोटाशी कापडी पिशवी बांधून. आत नरही असे, पथ्य दोघांचं एकच. काकांचं घर केजच्या कडेला, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. मी कॅल्शियमचे थेंब द्यायला जाई, म्हणून हे सगळं मला दिसलं. पारूकाकू, काकांची बायको, अंडं उकडून ठेवत. काका टरफल तव्यावर भाजून खलबत्त्यात कुटत, फडक्यातून गाळत आणि त्याची चिमूट अंड्याच्या बारीक तुकड्यांवर टाकत. शेवग्याची चार पानं, भोपळ्याची शिजवलेली फोड, पपईचा नखाएवढा तुकडा. मग डिंक. बाभळीचा स्वच्छ खडा पाण्यात विरघळवून ते बोटावर धरत आणि चिंगी त्यांचं बोट दोन्ही हातांनी पकडून चाटत बसे. पहिले आठ दिवस तिनं अंड्याला तोंड लावलं नाही. द्राक्षासाठी कटकट आवाज करून रागावे. सई रडकुंडीला येई. "काका, उपाशी मरेल ती. एक द्राक्ष देऊ?"

"न्हाई मरत. गोडावरनं भाकरीवर यायला येळ लागतोय. तेवढा येळ बसा."

आणि सई बसे. पारूकाकू भाकरी थापत असत. त्या सईला विचारत नसत. तिच्यापुढं गरम भाकरी, पिठलं ठेवत आणि दुसरीकडं बघून बोलत राहत. पहिल्या दिवशी तिनं एक घास खाल्ला. किती दिवसांनी पूर्ण भाकरी खाल्ली ते मी मोजलं नाही, पण एका संध्याकाळी ती "काकू, अजून एक," म्हणाली. काका पडवीत चिंगीला घेऊन बसले होते. त्यांनी ऐकलं असणार, पण मान वर केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात चिंगीनं उजवा पाय हलवला. काकांच्या बाहीला नखं रोवली आणि खांद्याकडं ओढत गेली, डावा पाय अजून लोंबतच. सई एकदम हसली. मी तिला हसताना तोवर पाहिलंच नव्हतं.

आणि मग चारच दिवसांनी ती रडत आली. चिंगीला जुलाब लागले होते, अंग गार पडलं होतं. आत्याबाईंनी दुपारी कुणी बघत नाही असं पाहून तिला पेढा भरवला होता. "इतकुसा जीव, रोज कडू पाला खातोय, मला बघवेना," असं त्यांचं म्हणणं. आम्ही तिला उबेत ठेवलं, थेंबाथेंबानं पाणी पाजलं. पिशवीतला तो इवलासा जीव हाताला लागत होता की नाही, हेही कळेनासं झालं होतं. काकांना मी तेव्हा एकदाच रागावलेलं पाहिलं. त्यांनी सईच्या फोनवरून आत्याबाईंना फोन लावला. "बाई, तुमची माया हाय ती मला म्हाईत हाय. पर तुमच्या मायेनं मरंल ती. माया करायची तर हात लावून करा, तोंडात घालून न्हाई." फोन ठेवून त्यांनी चिंगीची पिशवी पुन्हा उबेला सरकवली.

चिंगी तगली. सई तिला घेऊन गेली, आणि मी चप्पल घालत होते. पारूकाकूंना दहा वर्षांपासून मधुमेह होता, तो अलीकडे डोळ्यांवर उतरला होता. त्यांची गोळी काढायला काकांनी फळीवरचा डबा ओढला आणि शेजारचा तांदळाचा डबा कलंडला. तांदळातून गुळाचा खडा बाहेर आला. कडेनं दातानं कुरतडलेला.

काका त्या खड्याकडे बघत उभे राहिले. पारूकाकू चुलीपुढून उठल्या नाहीत.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"पारू, आत्ता मी दुसऱ्याच्या घरी फोन करून..."

"ऐकलं मी." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांच्या आवाजात ना भांडण होतं, ना माफी. "लहानपणापासनं उसात हाये मी. बापाच्या कोयत्यावर, मग सासऱ्याच्या. मोळ्या वाहून मान वाकडी झाली. कारखान्यात साखर झाली, लोकाच्या घरी गेली. गूळ पोटभर कवा खाल्ला न्हाई. आता घरात हाय, तर म्हणतेत खायचा न्हाई."

काका खाली बसले. त्यांनी तो खडा उचलला, तांदूळ झटकले, बराच वेळ हातात धरला. फेकतील असं मला वाटलं. त्यांनी त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा तोडून काकूंच्या हातावर ठेवला, उरलेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, हे घिऊन जावा." मी घेऊन गेले. घरी जाऊन तो खडा कुठं ठेवावा हेच मला कळेना.

सई पावसाळ्यापर्यंत येत राहिली. चिंगीचा डावा पाय शेवटपर्यंत पूर्ण आला नाही. ती चढायची, पण झेप घेतली नाही तिनं पुन्हा. सईला अंबाजोगाईत एका शाळेत संगणक शिकवायची नोकरी लागली आणि ती तिथं खोली घेऊन राहायला गेली. जाताना ती काकांच्या पाया पडली. काकांनी तिच्या हातात वहीचा एक कागद दिला. वर वारांची नावं, खाली काय घालायचं ते, शेवटी "फळ नखभर," त्याखाली दोन रेघा. आबा एकदा दवाखान्यात आले, कशासाठी ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. अर्धा तास काकांशेजारी बसले, चहा प्यायले आणि उठून गेले.

काका निवृत्त व्हायच्या आधीच माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी ते लसीकरणाला गेले होते. फोन केला तर म्हणाले, "येतो म्हणालतो, पर गाय अडली हाय इथं." सुरुवातीला अधूनमधून फोन होत. मग माझी कामं वाढली, त्यांचा फोन बंद लागू लागला आणि मीही नवा नंबर शोधायचे कष्ट घेतले नाहीत. याचं मला वाईट वाटतं, पण तेव्हा मीही थकलेली असे.

गेल्या हिवाळ्यात बीडहून येताना आमची एसटी मांजरसुंब्याच्या चौकात गर्दीमुळे हळू झाली. दुपारची वेळ, ढाब्यांपुढं ट्रकांची रांग, चारी बाजूंनी वाहनं. खिडकीतून मला ते दिसले. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे होते. शेजारी पारूकाकू. डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तो मोठा काळा चष्मा, पावलं सुजलेली. त्यांच्या चपला काकांच्या बगलेत होत्या. काकूंना अलीकडे यायचं होतं आणि त्यांना काही दिसत नसावं, कारण त्या हवेत हात फिरवून काकांचा खांदा शोधत होत्या.

काकांनी त्यांचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. मग एक पाऊल रस्त्यावर टाकलं, थांबले, आणि समोरून येणाऱ्या मोठ्या कंटेनरपुढं उजव्या हाताचा पंजा उभा धरला. चालकानं हॉर्न दिला. काकांनी हात खाली घेतला नाही. कंटेनर कचकन थांबला, त्यामागं एक जीप, त्यामागं आमची एसटी. आमचा चालक बाहेर डोकं काढून ओरडला, "अय म्हाताऱ्या, मराया आलास का?"

मी काच सरकवायला लागले. ती अडकली होती. मी काचेवर थापा मारल्या, "काका!" म्हणून हाक दिली. त्या गोंगाटात ती बाहेर गेली नाही. काका कुणाकडेच बघत नव्हते. ते खाली, काकूंच्या अनवाणी पावलांकडे बघत होते आणि काहीतरी सांगत होते. खड्डा आहे, असं असेल. खडी आहे. काकू पाय उचलून अंदाजानं पुढं टाकत होत्या. पाऊल नीट टेकलं की काका पुढचं पाऊल घेत. हात तसाच उभा. त्या दोघांना तो रस्ता ओलांडायला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळी वाहनं थांबून राहिली.

ते अलीकडच्या कडेला पोचले, तेव्हा काकांनी वाकून चपला खाली ठेवल्या, काकूंच्या पावलांपुढं, नीट जोडीनं. मग एसटी हलली.